कपाट नंबर सातमधली गोदू

आनंदराज यांनी विष्णुपुरीच्या पाटबंधारे कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत तरी नसत. निवृत्त होऊन ते जळकोटला परतले आणि गावातल्या नवजागृती सार्वजनिक वाचनालयाचं कार्यवाहपद त्यांच्याकडे चालत आलं. सरकारनं आपल्या हाती धरणाचे दरवाजेच सोपवलेत, अशा चेहऱ्यानं त्यांनी ते स्वीकारलं. खरी गोष्ट एवढीच, की त्या पदाला दुसरं कुणी तयार नव्हतं.

तर एका सोमवारी सकाळी नागुबाई आल्या आणि त्यांनी आनंदराजांच्या टेबलावर एक पुस्तक ठेवलं.

नागुबाई तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोरांना खिचडी वाढता वाढता भिंतीवरच्या तक्त्यावरून त्या स्वतःच वाचायला शिकल्या, आणि आता सत्तरीत, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश कादंबऱ्या वाचत. आनंदराजांच्या आईच्या त्या मैत्रीण. आई गेल्यापासून गावात त्यांना 'आनंदा' म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं.

"आनंदा, ह्याचा शेवट कुठं हाय?"

पुस्तकाचं नाव 'गोदूचा हिस्सा'. शेवटची वीस-बावीस पानं कुणीतरी सफाईनं नाहीशी केली होती.

"तीन म्हैने लागले मला हितवर यायला," नागुबाई म्हणाल्या. "गोदू गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी हाय. भाऊ म्हनतो, हितं एकटी काय करतीस, शहरात चल, माझ्यापाशी राहा. अन् पुढं पानच न्हाई. गेली का राह्यली?"

"मावशी, कादंबरी आहे ती. गेली काय अन् राहिली काय."

नागुबाईंनी खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "बुद्धप्रिया न्यायला येऊन राहिली. ह्या नव्हं, पुढल्या रविवारी. नांदेडला, कायमचं. घराला कुलूप लावायचं म्हनती. मी अजून हाव म्हनले न्हाई, न्हाई बी म्हनले न्हाई. म्हनलं, आधी गोदू काय करती ते बघावं."

बुद्धप्रिया म्हणजे त्यांची एकुलती लेक, नांदेडला बँकेत असते. लेक चांगली, जावई चांगला, घर चौथ्या मजल्यावर. तक्रारीला जागाच नव्हती, आणि नेमकी तीच नागुबाईंची अडचण होती.

आनंदराजांना आतून काहीतरी टोचलं. मावशी जाणार हे टोचलं, की आपल्या अखत्यारीतली बावीस पानं गहाळ आहेत हे टोचलं, याचा निवाडा त्यांनी त्या क्षणी केला नाही. ते एवढंच म्हणाले, "दोन दिवसांत शेवट हजर करतो."

आता वाचनालयाची दाखल नोंदवही ही काय चीज आहे, ते सांगायला हवं. आलेलं पुस्तक आल्या क्रमानं तिच्यात लिहायचं, नंबर टाकायचा आणि विसरून जायचं. पाच हजार एकशे तीस पुस्तकं अशी एकापुढे एक उभी होती. कुणाचा कुणाशी संबंध नाही. एका ग्रंथाचा पहिला खंड नंबर दोनशेवर आणि दुसरा चार हजारावर. तेच पुस्तक तीनदा आलेलं, तर तिन्ही वेळा वेगळं म्हणून लिहिलेलं.

"सर, नोंदवहीत सगळं हाय," ग्रंथपाल शिवकन्या म्हणाली. "सापडत न्हाई, तेवढंच."

नोंदवहीप्रमाणे 'गोदूचा हिस्सा'ची दुसरी प्रत कपाट नंबर सातमध्ये होती. कपाटात ती नव्हती. तेव्हा आनंदराजांनी ठरवलं, की आता एक पुस्तक शोधण्यात अर्थ नाही. आता अख्ख्या वाचनालयाची सोयरीक लावायची. प्रत्येक मूळ ग्रंथाचं एक मोठं कार्ड करायचं. त्या कार्डावर त्याच्या सगळ्या आवृत्त्या, सगळे खंड, भाषांतरं, संक्षिप्त रूपं, बदललेली नावं. ही कल्पना त्यांनी मोबाइलवर एका भाषणात ऐकली होती. भाषण दोन तासांचं होतं आणि त्यांनी पहिली वीस मिनिटं ऐकली होती.

वाचनालयाखाली वीरण्णांचं कापडाचं दुकान. सल्ला हा त्यांचा जोडधंदा. "यप्पा, कशाला नाद करून राहिले साहेब?" ते म्हणाले. "गोदू राहिली म्हणून सांगून टाका म्हातारीला. कोण तपासणार हाय?"

"मी तपासणार आहे," आनंदराज म्हणाले आणि जिना चढून गेले. वाक्य चांगलं जमलं होतं, पण वरच्या पायरीला ठेच लागून त्यातली निम्मी शान गेली.

मंगळवारी कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष आप्पासाहेबांना विषय कळेना, तेव्हा आनंदराजांनी तो जळकोटच्या माणसाला कळेल असा मांडला. "भावकी समजा, आप्पासाहेब. मूळ ग्रंथ म्हणजे खानदानाचा मूळ पुरुष. आवृत्त्या म्हणजे त्याची पोरं. भाषांतर म्हणजे परमुलखात दिलेली लेक. माणूस तेच, बोली बदलली."

"अन् त्या पुस्तकाचं कुणी नाटक केलं तर?"

आनंदराजांनी ठरावाचा कागद उलटून पाहिला. "तो घरजावई."

बैठकीनं ठराव एकमतानं पास केला. इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती आपल्याकडच्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. नातं म्हटलं, की आनंदराजांच्या डोळ्यांपुढे एक चूल, एक पंगत आणि एका खोलीत झोपलेली चौदा माणसं आली. नातेवाईक आहेत ना, मग एका ठिकाणी राहिले पाहिजेत. म्हणून त्यांनी आणि शिवकन्येनं तीन दिवसांत सगळी कपाटं रिकामी केली, पुस्तकं सतरंज्यांवर मांडली आणि घराणं एकत्र करून जिथं जागा मिळेल त्या कपाटात भरायला सुरुवात केली.

कपाटं मात्र वाचनालयाची नव्हती. म्हणजे होती, पण नव्हती. प्रत्येक कपाट कुणाच्या तरी स्मरणार्थ आलेलं. वर पांढऱ्या रंगात 'कैलासवासी' आणि पुढे नाव, आत त्या घरानं दिलेली पुस्तकं. नंबर चार आप्पासाहेबांच्या वडिलांच्या नावचं. नंबर सात ग्यानोबांच्या वडिलांच्या नावचं. आप्पासाहेब आणि ग्यानोबा सख्खे चुलतभाऊ, आणि गेली सहा वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. आप्पासाहेबांच्या मुलीच्या लग्नात मांडवातल्या बहात्तर पाहुण्यांना फेटे बांधले गेले आणि ग्यानोबांपाशी येऊन फेटे संपले, हे त्याचं कारण. आप्पासाहेब म्हणत, चूक फेटेवाल्याची. ग्यानोबा म्हणत, फेटेवाल्याला मोजून कुणी दिले? सात नंबरची एक किल्ली तेव्हापासून ग्यानोबांच्या कमरेच्या करगोट्याला असे.

शनिवारी दुपारी आनंदराज सतरंजीवर मांडी घालून कादंबऱ्यांच्या दुसऱ्या पानांवरची बारीक अक्षरं वाचत होते. कमरेत उसण भरली होती. चार नंबरच्या कपाटातून निघालेलं एक पुस्तक हाती आलं: 'बांधावरची गोदू'. त्यांनी पान उलटलं. 'सुधारित दुसरी आवृत्ती. पूर्वीचे नाव: गोदूचा हिस्सा.'

"शिवकन्या!" ते असे ओरडले, की खाली वीरण्णांच्या हातातला कापड मोजायचा गज पडला.

शेवट जागच्या जागी होता. आनंदराजांनी तो वाचलाही नाही. दोन दिवसांत म्हणून सहा दिवस लागले होते. तसेच धुळीच्या हातांनी नागुबाईंकडे गेले आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. आनंदराज घरी आले, आणि त्या रात्री त्यांना फार दिवसांनी गाढ झोप लागली. तेवढीच एक.

रविवारी ग्यानोबांच्या वडिलांची पुण्यतिथी. दरवर्षीप्रमाणे हार, नारळ आणि उदबत्ती घेऊन ते सहकुटुंब आले, करगोट्याची किल्ली काढली, सात नंबर उघडलं. आत पहिल्याच फळीवर आप्पासाहेबांच्या वडिलांच्या नावाचे शिक्के मारलेले आठ खंड ओळीनं बसले होते.

"माझ्या बापाच्या कपाटात हे कोण घुसलं?"

"घराणं एकत्र केलंय, ग्यानोबा," आनंदराज समजावू लागले. "नववा खंड तुमच्या वडिलांनी दिलेला, आधीचे आठ त्यांच्या—"

"आठ त्यांचे अन् एक आमचा? हितं बी आमाला कमीच?"

हे आप्पासाहेबांना कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ते चपला न घालता आले. "माझ्या बापाची पुस्तकं त्याच्या कुलपात? आनंदराज, तुमी सरकारी कचेरीतले मानूस, ही काय तऱ्हा हाय?" दोघं भाऊ सहा वर्षांनी एकमेकांसमोर उभे होते आणि दोघंही आनंदराजांशीच भांडत होते. त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट म्हणजे त्यांचं एका मुद्द्यावर एकमत झालं. तो मुद्दा आनंदराजांच्या डोक्याविषयी होता. ग्यानोबांनी कपाटाला कुलूप घातलं, त्यावर आप्पासाहेबांनी दुसरं घातलं, आणि नारळ न फुटताच राहिला.

मंगळवारी दोन घाव एकाच दिवशी बसले. सकाळी लातूरच्या जिल्हा ग्रंथालय कार्यालयाचं पत्र आलं. सरकारी पत्राची वर्षवर्ष वाट बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ते चौथ्या दिवशी मोबाइलवर आलं. झालं होतं असं, की शुक्रवारी वार्षिक माहिती पाठवताना 'एकूण ग्रंथ' या रकान्यात आनंदराजांनी नव्या हिशेबानं प्रामाणिकपणे तीन हजार चारशे बारा लिहिलं होतं. बाकीच्या नुसत्या आवृत्त्या न् खंड. त्यांना वेगळे ग्रंथ कसं म्हणायचं? पत्रात लिहिलं होतं: 'आपल्या वाचनालयातील एक हजार सातशे अठरा ग्रंथ गहाळ झाल्याबाबत समक्ष खुलासा करावा.'

चौतीस वर्षांत एकही कागद न हरवलेला माणूस ते पत्र हातात धरून खाली बसला.

दुपारी फोन आला तो बुद्धप्रियाचा. "काका, तुम्ही आईला काय वाचायला दिलं? ती म्हणते, गोदू राहिली, मीपण राहणार. ही गोदू कोण? तिचा नंबर द्या, मी बोलते तिच्याशी."

"ती कादंबरीतली आहे, बाई."

 बुद्धप्रिया म्हणाली, "काका, मागच्या महिन्यात ती न्हाणीत घसरली. तुम्हाला सांगितलं का तिनं? नाही ना. मी इथं बँकेत बसते आणि फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते. मी रविवारी येणारच आहे."

आनंदराजांना हे माहीत नव्हतं. मावशी राहणार हे ऐकून मनात जो लपूनछपून आनंद झाला होता, त्याची त्यांना लाज वाटली.

बुधवारी ते लातूरला गेले. टेबलामागच्या बाईंनी त्यांचा खुलासा तीनदा ऐकला. मूळ ग्रंथ, आवृत्ती, खंड, सगळं. शेवटी आनंदराज घायकुतीला येऊन म्हणाले, "मॅडम, रेशनकार्डं तीन हजार चारशे बारा आहेत हो! माणसं पाच हजार एकशे तीसच आहेत. एकही मेलेला नाही."

बाईंचा चेहरा उजळला. "मग माणसं लिहा ना साहेब. रेशनकार्डं कुणी विचारली तुम्हाला?" त्यांनी सुधारित तक्ता भरून घेतला, शिक्का मारला, आणि जाता जाता म्हणाल्या, "पण ती कार्डं फेकू नका. कामाची आहेत."

एवढ्या एका वाक्यावर आनंदराज जळकोटपर्यंत एसटीत उभ्यानं आले.

घरी महामाया, त्यांची बायको, शेंगा फोडत बसली होती. त्यांनी सगळं गाऱ्हाणं मांडलं. दोन कुलपं, न फुटलेला नारळ, सतरंजीवरची हजारभर पुस्तकं. ऐकून ती म्हणाली, "माझी एक बहीण देगलूरला, एक शिरूर अनंतपाळला. त्यांना तुम्ही एका घरात आणून कोंबलं का कधी?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध कागदावर ठिवा की. नात्यातली मान्सं ज्याच्या त्याच्या घरी बरी असतात. पत्ता ठावूक असला, म्हंजी झालं."

आनंदराज शेंग हातात धरून बसून राहिले. पुस्तकं हलवायची गरजच नव्हती. कार्डावर नातं लिहायचं आणि पुढे कपाटाचा नंबर. पाच हजार एकशे तीस पुस्तकं, कमरेतली उसण, भावाभावांचं भांडण, काही म्हणजे काही लागत नव्हतं. त्या भाषणाच्या एकविसाव्या मिनिटाला हेच सांगितलं होतं, हे त्यांना पुढे कळलं.

गुरुवारी त्यांनी दोन्ही भावांची वेगवेगळी माफी मागितली. मग तीन दिवस उलटं काम. ज्याचं पुस्तक त्याच्या कपाटात. शिवकन्या कार्ड लिही, आनंदराज पुस्तक ठेवीत. या वेळी मात्र त्यांनी एकाही पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर विश्वास ठेवला नाही. प्रत्येकाचं आतलं पान बघितलं. शनिवारी संध्याकाळी सतरंजीवरचं, सात नंबरमधलं 'सुलभ कुक्कुटपालन' हातात आलं. बांधणी करणाऱ्यानं पुठ्ठे बदलले होते. आत कोंबडी नव्हती. आत होती 'गोदूचा हिस्सा', पहिली आवृत्ती, शेवटच्या पानापर्यंत धडधाकट.

या वेळी त्यांनी शेवट वाचला. उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

गोदू गेली होती. गाठोडं उचललं, उंबरा ओलांडला आणि भावाबरोबर शहरात गेली. चौदा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीत लेखिकेनं तिला परत बांधावर उभं केलं होतं.

आप्पासाहेब त्यांचं कुलूप दुपारीच काढून गेले होते; ग्यानोबा आपलं काढायला आले होते. ते शेजारी थांबून शिवकन्येच्या कार्डावर बघत होते. 'गोदूचा हिस्सा. पहिली आवृत्ती: कपाट ७. सुधारित आवृत्ती: कपाट ४.' दोन्ही कपाटांपुढे दोन्ही कैलासवासींची नावं.

"चुलत्यानं बी हेच पुस्तक घेतलं होतं व्हय?" ग्यानोबा म्हणाले. दोन्ही नावांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी करगोट्याची किल्ली सोडवली आणि शिवकन्येच्या टेबलावर ठेवली. "असू द्या हितंच. कुनाला लागलं तर."

आनंदराजांचं त्याकडे लक्ष नव्हतं. पुस्तक कपाटात ठेवलं, की झालं. मावशींनी शेवट वाचलाय, मनाशी ठरवलंय, त्या राहणार आहेत. उद्यापासून पुन्हा सकाळी कुणीतरी 'आनंदा' म्हणेल. कुणी तपासणार नव्हतं. पण न्हाणीत घसरलेली मावशी काही डोळ्यांपुढून हटेना. आणि दोन कागद एका प्रकरणाचे असताना एक दाबून ठेवायचा, हे त्यांना साधलंच नसतं.

रविवारी सकाळी ते नागुबाईंच्या घरी पोचले, तेव्हा दारात गाडी उभी होती. बुद्धप्रिया ओट्यावर, नागुबाई बाजेवर, आणि मधे दोघींच्या रागानं गार झालेला चहा.

"मावशी," आनंदराज म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. गोदूचा अजून एक शेवट आहे." आणि त्यांनी पुस्तक पुढे केलं. "ह्यात ती जाते."

बुद्धप्रिया झटकन उठली. "बघ आई!"

"बस तू," नागुबाई म्हणाल्या आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. बावीस पानं. बुद्धप्रियानं दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं आणि आईशेजारी जाऊन बसली. शेवटची आठ-दहा पानं दोघींनी मिळूनच वाचली. नागुबाईंनी पुस्तक मिटलं.

"आधीचं कोन्चं?"

"हे आधीचं. तुम्ही वाचलं ते चौदा वर्षांनंतरचं."

"एकाच बाईनं लिव्हलं?"

"एकाच. मी कार्डावर तसंच लिहिलंय. ग्रंथ एक, शेवट दोन."

आनंदराजांना वाटलं, मावशी आता रागावणार; निदान हिरमुसणार. नागुबाई हसायला लागल्या. आधी खुदकन, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"लई बेजार झाले मी पंधरा दिस. म्हनलं, शिकलेल्या बायीला ठावूक असंल. तर तिलाच चौदा वर्सं लागली का गं!" त्यांनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू फोनवर रडलीस ते मी ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यावानी केलं, ते माझं चुकलं. पन कायमचं म्हनलं, की उंबराच वलांडवत न्हाई गं. हे घर, ही आळी. तिकडं माझं कोन हाय तुज्याबिगर?"

 बुद्धप्रियानं आईचा हात दोन्ही हातांत घेतला. आनंदराज अंगणातल्या जास्वंदीकडे पाहू लागले. जास्वंदीत पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग नागुबाई उठल्या. खुंटीवरची पिशवी काढली, त्यात दोन लुगडी आणि चष्मा टाकला. बुद्धप्रिया कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीकडे वळली, तशा म्हणाल्या, "पेटी ऱ्हाऊ दे. येक म्हैना येते मी. करमलं तर ऱ्हाईन."

"आणि नाही करमलं तर?"

नागुबाईंनी आनंदराजांकडे बघितलं.

"तर सुधारित आवृत्ती काढायची. आनंदा, माझ्या कार्डावर जागा सोडून ठिव."